निखाऱ्यावर सांडणारं तूप

धुळवडीच्या सकाळी वैरागला आमच्या गल्लीत बोकड पडायचं आणि आठ-दहा घरांचे वाटे लागायचे. पळसाच्या पानांवर मांसाचे सारखे ढीग, प्रत्येक ढिगात थोडं हाड, थोडी चरबी, थोडं मऊ. वाटे पडायच्या आधी एक छोटा कार्यक्रम असायचा, त्याला नाव नव्हतं. कापणारे आणि त्यांच्याभोवती उकिडवे बसलेले पुरुष तुराट्या पेटवून निखारे करायचे, काळजाचे तुकडे थेट निखाऱ्यावर टाकायचे, काडीनं उलटायचे, फुंकर मारून राख झटकायचे आणि जाडं मीठ लावून खायचे. माझ्या चुलतभावाला वयाच्या सहाव्या वर्षी पहिला तुकडा मिळाला. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मला सांगितलं, ‘जा, आईला परात माग.’

हा लेख त्या तुकड्याविषयी आहे. रुसवा वीस वर्षं जुना आहे, त्याची आता मजा वाटते. मात्र पुण्यात राहायला आल्यावर माझ्या फोनमध्ये भाजलेल्या मांसाच्या रीलांचा जो पूर आला, त्यानं तो तुकडा पुन्हा समोर आणून ठेवला. गच्चीवर बार्बेक्यू, शेतात बार्बेक्यू, हुरडा पार्टीत बार्बेक्यू. सगळीकडे एकच सूत्र: आदल्या रात्री मॅरिनेशन, दही, आलं-लसूण पेस्ट, चार प्रकारच्या पावडरी, मग जाळी, मग ब्रश, ब्रशनं बटर आणि शेवटी कॅमेऱ्याच्या तोंडाशी नेलेला वाफाळता तुकडा. मला प्रश्न पडला तो साधा होता. भाजलेल्या मांसाला चव कधी द्यायची? आगीच्या आधी, आगीवर असताना की आगीनंतर? या प्रश्नाचं उत्तर मराठी मुलखातल्या लिखाणात कुठे सापडतं का, हे शोधायला गेले आणि दोन पुस्तकांपाशी येऊन थांबले. एक राजाचं आहे, एक राजानं ज्यांच्याकडे पाहिलंही नसेल त्यांचं. दोन्ही पुस्तकं वैरागपासून फार लांबची नाहीत.

राजाची सुपारी

पहिलं पुस्तक ‘मानसोल्लास’. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ इ.स. 1129 च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. वैरागहून तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा असं गेलं की एका दिवसात जाऊन परत येता येतं. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, म्हणून भागांना विंशती म्हणतात. राज्य कसं मिळवावं इथपासून हत्ती, रत्नं, चित्रकला, संगीत, कुस्ती इथपर्यंत राजाला ठाऊक हवं ते सगळं त्यात आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ओळखीचा आहे, कारण त्यातल्या गाण्याच्या प्रकरणात जुन्या मराठीतल्या ओळी सापडतात. मला हवं होतं ते तिसऱ्या विंशतीतलं ‘अन्नभोग’ प्रकरण. गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादित केलेली प्रत स्कॅन होऊन फोनवर येते. शाळेतलं संस्कृत आणि शेजारी कोश असा संसार मांडून मी ते वाचलं.

अन्नभोगात इडलीच्या आणि डोशाच्या पूर्वजांपासून माशांपर्यंत खूप काही आहे. पण त्याच्या मांसाच्या भागात एक ठिकाण असं आहे, जिथे मी वाचताना उठून बसले. काळीज घ्यावं, सुपारीएवढे तुकडे करावेत, ते निखाऱ्यावर भाजावेत, मग मसाला लावून परतावेत आणि नंतर दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात घालावेत. नऊशे वर्षं मागे, आमच्या गल्लीतला तोच बिननावाचा कार्यक्रम, फक्त राजवाड्यातला. आमच्याकडे मीठ, तिकडे मोहरी आणि दही.

यातली ‘सुपारी’ मला फार आवडते. सोमेश्वर वजन सांगत नाही, बोटाचं माप सांगत नाही. खाणाऱ्याच्या हाताला रोज लागणारी वस्तू उचलून आणतो. आणि ते माप अचूकही आहे. काळीज ही निखाऱ्यावर सगळ्यात लवकर बिघडणारी गोष्ट. तुकडा मोठा असेल तर बाहेरून खडा होतो तरी आत रक्त राहतं, लहान असेल तर रबर. सुपारीएवढा तुकडा बाहेरून करपायला लागतो तोवर आत नुकता घट्ट झालेला असतो. म्हणजे हे लिहिणाऱ्याने, किंवा त्याला सांगणाऱ्याने, काळीज भाजलेलं होतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. काळजाला आधी आग, मग मसाला, मग ओलावा. याच प्रकरणात नदीकाठच्या शेतांतल्या काळ्या उंदरांची कृती आहे. शेपटीला धरून गरम तेलात बुडवायचे म्हणजे केस निघतात, मग धुऊन साफ करायचे, आणि एका प्रकारात लोखंडी सळईवर लावून लालभडक निखाऱ्यावर वरचं कातडं जळेपर्यंत भाजायचे. मीठ आणि जिरं त्यानंतर. डुकराच्या मांसाच्या कृतीत आधी सगळे केस जाळून, खरवडून कातडी स्वच्छ करण्याची खटपट आहे. आमच्याकडे मुंडी-पाय भाजतात तसंच. हिंग तर या प्रकरणात जागोजाग पाण्यात विरघळवून येतो. मिरची अर्थातच नाही. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून यायला अजून चारशे वर्षं होती. तिखटपणाचं काम मिरं, सुंठ आणि मोहरी करतात.

आग आधी आणि मसाला नंतर, या क्रमामागे सरळ कारण आहे. कोरडा मसाला निखाऱ्यावर जळतो. जळलेलं जिरं कडू होतं, जळलेला लसूण त्याहून कडू. मांसाचा खरपूसपणा येतो तो प्रथिनं आणि साखर यांच्या उष्णतेतल्या खेळामुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यानं 1912 मध्ये त्याचं वर्णन केलं. हा खेळ रंगायला साधारण 140 अंशांच्या वरची उष्णता लागते. पण पाणी 100 अंशांना वाफ होतं. म्हणजे तुकडा जोवर बाहेरून ओला आहे तोवर तो फार तर शिजतो, खरपूस होत नाही. रात्रभर दह्यात बुडवलेला तुकडा निथळता तसाच जाळीवर टाकला की आधी ते दही सुकवण्यात आगीचा वेळ जातो. रीलमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे एक कट मारतात आणि तुकडा एकदम तांबूस होतो.

मॅरिनेशन वाईट, असं मी म्हणत नाही. कच्च्या पपईनं मांस मऊ होतं, दह्यानं वरचा थर सैल होतो. पण ‘मसाला आतपर्यंत मुरतो’ हे वाक्य आपण जितक्या श्रद्धेनं म्हणतो तितकं खरं नाही. आत खोल जातं ते मुख्यतः मीठ, आणि तेही हळूहळू. बाकीच्या मसाल्यांचा बराचसा वास तुकड्याच्या वरच वस्तीला असतो. सोमेश्वराच्या स्वयंपाक्याला हे अनुभवानं माहीत असावं. त्यानं काळजाला वरूनच घेरलं, तेही आगीतून काढल्यावर.

‘करावे’ म्हणणारा कोण?

आता तक्रार. अन्नभोगातली क्रियापदं विध्यर्थी आहेत: भाजावे, कापावे, घालावे. कुणी भाजावे? ग्रंथात राजा जेवतो, चव ओळखतो, कोणतं मांस कशासारखं लागतं ते सांगतो. निखाऱ्यासमोर बसून घाम पुसणारा माणूस त्यात कुठेच नाही. शेतातल्या बिळांपाशी दबा धरून उंदीर पकडणारा कोण, बोकड सोलणारा कोण, केस जाळलेल्या कातडीच्या वासात तासभर कोण उभं राहतं, यातलं काही श्लोकात मावत नाही. विध्यर्थाची ही खास सोय आहे. काम होतं, करणारा दिसत नाही.

उंदराची गोष्ट याहून बोचते. आज सोलापूर-धाराशिवकडे कुणाला उंदीर खाणारा म्हटलं तर ती जातीवरून दिलेली शिवी असते. तोच उंदीर अनुष्टुभ छंदात बसला की सांस्कृतिक वारसा होतो. त्यावर इंग्रजी लेख येतात, ‘आपले पूर्वज किती मोकळे होते’ असं आपण कौतुकानं फॉरवर्ड करतो. पदार्थ तोच, निखारा तोच, मीठ-जिरंही तेच. बदललं ते एवढंच, की एकाच्या हातात लेखणी होती. म्हणून ‘मानसोल्लास’ला पाकशास्त्राचा मोठा ग्रंथ म्हणताना मी अडखळते. चवीच्या बाबतीत तो मोठाच आहे. माणसांच्या बाबतीत मात्र तो राजाच्या ताटापलीकडे बघत नाही.

अपूर्ण ताट

दुसरं पुस्तक शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. 2015 साली मराठीत आलं आणि 2024 मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे देशभर पोचलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती हा त्याचा विषय. वैरागच्या वेशीवरून पूर्वेकडे पाहिलं की जो मुलूख दिसतो तिथल्या घरांचं, चुलींचं, भुकेचं हे पुस्तक. नावातच भांडण आहे. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणत भरल्या ताटासमोर हात जोडणाऱ्यांना ते विचारतं, की ज्यांच्या ताटात तूप, दूध, तेल कधी आलंच नाही त्यांचं ब्रह्म पूर्ण कसं?

माझ्या प्रश्नासाठी हे पुस्तक उघडलं तेव्हा माझी चूक मला लगेच कळली. मी चव कधी द्यायची हे विचारत होते. इथे आधीचा प्रश्न आहे: चव द्यायला काय आहे? या पुस्तकात चान्या भेटतात. मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या आणि मांस नसेल त्या दिवसांत पुरवून खायच्या, निखाऱ्यावर भाजून खायच्या. सोमेश्वराच्या कृतीत मसाला आगीनंतर येतो, रीलमध्ये आगीच्या आदल्या रात्री. चान्यांत मसाल्याच्या जागी ऊन आहे. पाणी उडून गेल्यावर मांसाची स्वतःची चव आटून घट्ट होते आणि मग निखाऱ्यावर काही क्षण पुरतात. माझ्या शोधात हे तिसरं उत्तर होतं आणि कुठल्याही राजानं ते दिलं नसतं, कारण त्याला उद्याच्या उपाशी दिवसासाठी मांस राखून ठेवायची गरज पडली नाही.

पाटोळ्यांची भाषा मला याकरता महत्त्वाची वाटते. ते आठवणींना साजूक फोडणी देत नाहीत. ‘गरिबीतही किती चव होती’ हा सूर मराठी ललित लेखनात फार बोकाळला आहे. चुलीवरची भाकरी, ठेचा, आजीचे हात, की झालं. पाटोळे पदार्थाचं नाव सांगतात, तो कसा करायचा ते सांगतात, तो का करावा लागला ते सांगतात आणि पुढे जातात. रक्ती, वजडी, चान्या हे शब्द ते स्पष्टपणे छापतात. धर्मग्रंथ आणि संतसाहित्य आहाराविषयी काय म्हणतं याचाही हिशेब मागतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात अन्नाची सात्त्विक, राजस, तामस अशी वाटणी आहे. कडू, आंबट, खारट, अति उष्ण, तिखट ते सगळं राजस. शिळं, उष्टं, वास मारणारं ते तामस. आता ज्यांना गावानं शिळंच दिलं, त्यांनी कोणत्या दुकानातून सात्त्विक आणायचं?

एक योगायोगही आहे. हे पुस्तक आलं त्याच वर्षी, 2015 च्या मार्चमध्ये, महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला आणि गाईबरोबर बैल, वळूही त्यात आले. त्यामुळे पुस्तकातल्या कित्येक कृती छापून येतानाच स्वयंपाकघरातून दप्तरखान्यात गेल्या. पाककृतीचं पुस्तक आपण करून बघण्यासाठी वाचतो. हे पुस्तक अनेक ठिकाणी करून बघता येत नाही, फक्त वाचता येतं. मला तरी अशा पुस्तकाचं दुसरं उदाहरण मराठीत आठवत नाही.

तरीही एक उणीव मला जाणवली. मी पुस्तकात आग शोधत होते. मांस कोणतं, भाग कोणता, ते कसं शिजवायचं हे पुस्तकातून कळतं. पण निखाऱ्याशी कोण बसायचं, पहिला तुकडा कुणाला, बाई तिथे होती का, या प्रश्नांपाशी मला हवा होता तितका वेळ ते थांबत नाही. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रानं 2009 मध्ये दलित स्त्रियांच्या खाण्याच्या आठवणी पुस्तकरूपानं आणल्या होत्या. ते काम सोबत ठेवून पाटोळे वाचावेत, असं मी सुचवेन. एक ताट जातीच्या बाजूनं दाखवतं, दुसरं त्याच ताटाची बाईकडची कड दाखवतं.

आणि माझ्या बाजूनं एक कबुली. आमच्या गल्लीतल्या वाट्यांत मातंग वस्तीतलं घर नव्हतं. मला परात आणायला पाठवलं याचं मला वीस वर्षं वाईट वाटलं. त्या वाट्यांत कोण नव्हतंच, हे पाटोळे वाचेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नाही.

पोतेऱ्याचा स्वाद

राहिला मधला काळ, तुकडा आगीवर असतानाचा. इंग्रजीत त्याला एक स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीत नाही, पण आपल्याकडे जवळपास अर्धा डझन आहेत आणि ते जास्त नेमके आहेत. चोळणं वेगळं, माखणं वेगळं, चोपडणं वेगळं. शिंपडणं, हबका मारणं आणि पोचारा देणं यांतही फरक आहे. हबका हाताच्या ओंजळीतून जातो, पोचारा फडक्यानं. शीक कबाबच्या गाडीवर काडीला बांधलेलं फडकं तेलात बुडवून फिरवतात, तो पोचारा. अमेरिकेच्या दक्षिणेत मोठमोठे तुकडे तासन्‌तास भाजताना त्यावर व्हिनेगर, मीठ, मिरचीचं पाणी चक्क छोट्या पोतेऱ्यानं लावतात आणि त्या पाण्याला नावही पोतेऱ्याचंच आहे. अर्जेंटिनात मिठाच्या पाण्याचा शिपका मारतात. आपल्याकडे हरिवंशातल्या यादवांच्या मेजवानीत शूळावरच्या मांसावर तूप आहे.

या द्रवाचं काम काय? तो तुकड्याचा पृष्ठभाग थंड ठेवतो, करपू देत नाही, मोठा तुकडा आतपर्यंत शिजायला वेळ मिळवून देतो. त्यातलं मीठ आणि आंबट वाफ उडून गेल्यावर थरावर थर चढत राहतं. तेल-तूप निखाऱ्यावर ठिबकलं की धूर उठतो आणि तो धूर पुन्हा मांसाला लागतो. हे सगळं खरं. पण यातली जी गोष्ट मला वाचता वाचता सलायला लागली ती अशी, की लावलेल्यातला बराचसा भाग आगीत पडतो. तूप लावून भाजणं म्हणजे निम्मं तूप निखाऱ्याला पाजणं. ज्याच्या घरी तूप सांडायला आहे तोच ते लावतो. ज्याच्या घरी चरबीचा प्रत्येक थेंब वाटीत धरून ठेवायचा असतो त्याला ही चैन नाही. त्याच्याकडे मिठाचं पाणी असतं, किंवा तेही नसतं. भाजलेल्या मांसाची आर्थिक स्थिती ओळखायची असेल तर तुकड्याकडे पाहू नका, खाली निखाऱ्यावर काय ठिबकतंय ते पाहा.

अमेरिकेच्या दक्षिणेतही हीच कहाणी आहे. खड्ड्यापाशी रात्रभर बसून ते पोतेरं फिरवणारे हात बहुतांशी गुलाम केलेल्या काळ्या माणसांचे होते. पुस्तकं, स्पर्धा आणि दूरचित्रवाणी आली तेव्हा पडद्यावर गोरे चेहरे आले. एड्रियन मिलर यांचं ‘ब्लॅक स्मोक’ हे 2021 चं पुस्तक हाच विसर भरून काढायला लिहिलेलं आहे. ‘बार्बेक्यू’ हा शब्दही कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिश लोकांनी उचलला. मांस ठेवायची लाकडी चौकट, तिला ते ‘बार्बाकोआ’ म्हणत. चौकट बांधणारे संपले, शब्द उरला.

आत्याची राख

माघात गावी गेले होते. शेतात मालदांडी उभी होती आणि वाफ्याच्या कडेला हुरड्यासाठी लावलेली गुळभेंडी भरात होती. आगटी पेटलेलीच होती. म्हटलं, करून बघू. अर्धा किलो काळीज आणलं. निम्मं राजाच्या पद्धतीनं: सुपारीएवढे तुकडे, निखाऱ्यावर भाजून, तुपात मिरं, जिरं, सैंधव घालून परतून, मग मोहरी वाटून घातलेल्या दह्यात. निम्मं रीलच्या पद्धतीनं: दही, पेस्ट, पावडरी, दोन तास मुरवून.

रीलवालं बाहेर कडू, आत मऊ निघालं. मसाला जळाला, काळीज दह्यानं लिबलिबीत झालं. राजाचं काळीज चांगलं झालं. मोहरी नाकात गेली, डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरा तुकडा उचलावासा वाटला. चुलते म्हणाले, ‘बरं हाय. पर काळजाला येवढं नटवायचं काय काम? मीठ लाव आन खा.’ त्यांचंही बरोबर होतं. ताज्या काळजाला लोखंडासारखी एक किंचित गोड चव असते. मीठ तिला पुढे करतं, मोहरी तिला झाकते. सोमेश्वराच्या दरबारात बहुधा काळजापेक्षा स्वयंपाक्याचं कौशल्य खायचं होतं.

मग मी, जरा भाषणाच्या सुरात, आत्याला सांगायला लागले. की बघा, नऊशे वर्षं निखाऱ्याशी पुरुषच बसलेत, पुस्तकात पुरुष, गल्लीत पुरुष, रीलमध्येही पुरुषच. बाईला रस्सा करायला लावलं आणि भाजलेलं कधी खाऊ दिलं नाही.

आत्या शेंगा चटणीचं झाकण लावत होती. म्हणाली, ‘कुणी सांगितलं तुला?’

मी गप्प.

‘अगं, समदं मटण आमच्याच हातात यायचं की. त्येंनी काळीज खाल्लं, मांडीचा मऊ तुकडा कुटं गेला? चुलीतली राख सारायची, तुकडा राखेत ठिवायचा. वरून रस्सा कढत असतुया. तुकडा काढायचा, झटकायचा, रश्श्याच्या वरचा कट पळीनं घ्यायचा, त्येच्यात बुचकळायचा आन पुन्ना जरा इस्तवावर धरायचा. तुझी आजी, मी, तुझी आई. उभ्याउभ्या.’

‘मग मला का नाही दिलं कधी?’

‘तू सांगत सुटली असतीस की गल्लीभर.’

आईनं मान खाली घालून हुरड्याचं कणीस चोळायला घेतलं. ती हसत होती.

कटाविषयी थोडं

आमच्या बार्शीकडच्या रश्श्यात येसूर घालतात. भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाला दळून केलेली ही पूड रश्श्याला दाटपणा देते. काळा मसाला, सुकं खोबरं, भाजलेला कांदा यांतून सुटलेलं तेल वर लाल-काळं तरंगतं, तो कट. त्यात मिरचीचा रंग आहे, मसाल्यांतलं जे जे तेलात विरघळतं ते सगळं आहे, मांसाची चरबी आहे, मीठ आहे. भाजलेल्या तुकड्याला वरून लावायला याहून चांगला द्रव मला सुचत नाही. तो मसाला आधीच शिजलेला असतो, त्यामुळे दुसऱ्यांदा आगीवर धरला तरी कच्च्या पावडरीसारखा लगेच कडू होत नाही. आणि त्यातला एक थेंबही निखाऱ्यावर वाया जात नाही, कारण तुकडाच बुचकळून पळीवर निथळून घेतलेला असतो. निथळलेलं परत रश्श्यात.

क्रम बघा: आधी आग, मग ओला मसाला, मग पुन्हा थोडी आग. सोमेश्वराच्या काळजापेक्षा एक पायरी पुढे. गल्लीतल्या पुरुषांकडे आग होती आणि मीठ होतं. कट फक्त तिच्याकडे होता जिच्या हातात पळी होती. मला जे वंचित टोक वाटत होतं तिथे चव जास्त होती.

म्हणून आत्याच्या तुकड्यानं माझा सिद्धान्त मोडला असं मी म्हणणार नाही, पण त्याला तडा गेला. ग्रंथात बाई नाही यावरून ती आगीशी नव्हती असं मी धरून चालले होते. ही वाचणाऱ्याची चूक, आणि वाचायची सवय असलेल्यांनाच ती जास्त होते. ‘मानसोल्लास’मध्ये स्वयंपाकी दिसत नाही, पण सुपारीएवढं माप त्याचंच आहे. तो मापात दिसतो. तसंच, उभ्याउभ्या चोरून खाल्लेल्या तुकड्याचा मी लगेच विजय करू नये, हेही मला कळतं. चोरून खावं लागलं, हे त्यात आहेच. पाटोळ्यांनी घालून दिलेली शिस्त इथे उपयोगी पडते: चव सांगा, आणि ती चव कोणत्या परिस्थितीत मिळाली तेही त्याच वाक्यात सांगा.

तुमच्या फोनवर आज रात्री पुन्हा एखादी रील येईल. ब्रश फिरेल, बटर ठिबकेल, जाळ उठेल. बघा, मीही बघते. फक्त तो जाळ उठला की एकदा मनात विचारा, हे सांडणारं कुणाचं, आणि फ्रेमच्या बाहेर पळी कुणाच्या हातात आहे. मग घरी जाऊन आत्याला, मावशीला, आजीला विचारा की भाजलेला तुकडा त्या कशात बुचकळायच्या. बहुतेक जणी आधी ‘छे, आमी कुटं खायचो’ म्हणतील. तिथे थांबू नका, दुसऱ्यांदा विचारा.

धुळवडीला मी परत जाणार आहे. चुलत्यांनी काळजाचा तुकडा देऊ केलाय, वीस वर्षांनी, मोठ्या मनानं. तो मी घेईन. पण त्याआधी चुलीपाशी जाईन.